आठव्या गाठीचं पाणी

या, सरका जरा अलीकडं. मी कागदावर बोलतेय म्हणून लांब बसायचं असं काही नाही. आणि आधी तुम्हाला थोडं बोलून घेते, मग गोष्ट सांगते. नगरहून कर्जतकडं जाताना आमचं शेततळं रस्त्यावरून दिसतं. तुम्ही गाडीतून बघता, "शी, काय हिरवं पाणी," म्हणता, काच वर करता आणि निघून जाता. एकानं कधी उतरून विचारलं नाही, की बाई, हे पाणी असं हिरवं का ठेवलंय? ठेवलंय, बरं का. मुद्दाम. आणि एकदा ते हिरवं मी माझ्या हातानं घालवलं, त्याची ही गोष्ट.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. साखरेची पुडी सोडली की कागद हातानं सरळ करायचा आणि चुलीपुढं बसून वाचायचा. बातमी कुठंतरी अर्धी फाटलेली असायची, उरलेली मी मनानं लावून घ्यायचे. लिहायला लागले ते फार उशिरा, नातीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर. त्यामुळं माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, मध्येच शेळीला पाणी दाखवायला उठल्यासारखं. सांभाळून घ्या.

पण एका कामात मी पक्की आहे. तुरटीच्या. आमच्या बाजूला टँकर यायचा त्या वर्षांत पाणी चहाच्या रंगाचं असायचं. हंडा भरून घरी आणायचा, तुरटीचा खडा आत धरून चार वेढे उजवीकडं, चार डावीकडं, आणि वर फडकं टाकून ठेवायचं. थोड्या वेळानं गाळ खाली, वर पाणी काचेसारखं. पाणी किती गढूळ आहे आणि त्याला किती वेढे लागतील, हे मला नुसतं बघून कळायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हातचं पानी देवाला घालावं." एवढी शाबासकी मला दुसऱ्या कशासाठी मिळाली नाही. निवळ पाणी तेवढं चांगलं, हे माझ्या हाडात बसलं ते तेव्हापासून.

पुढं गावात बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी टिकायला लागलं, आणि मुलानं वस्तीजवळ दोन गुंठ्यांचं शेततळं केलं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. पाणी डाळिंबाला, आणि पाण्यात मासे, रोहू आणि कटला. माशांची पिल्लं विकायला आलेल्या माणसानं एक युक्ती शिकवली. "मावशी, हात कोपरापतुर पान्यात घाला. तळवा दिसला तर मासं उपाशी. न्हाई दिसला तर पोटभर." म्हणजे पाणी हिरवं पाहिजे. त्यासाठी दर आठवड्याला शेण कालवून एका कोपऱ्यात सोडायचं. मी सोडत होते, पण मन मानत नव्हतं. जिनं जन्मभर पाणी निवळलं तिनं पाण्यात शेण कालवायचं!

ते पटवलं नातीनं. ही माझ्या मुलाची मुलगी. नगरला कॉलेज केलं, मग लांब गेली, आणि समुद्रातल्या बारीक जिवांचा अभ्यास करायला लागली. त्यांना प्लवक म्हणतात. पाणी नेईल तिकडं जाणारे. काही झाडासारखे, उन्हावर जगणारे. काही त्यांना खाणारे. एका सुट्टीत तिनं तळ्यातला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला माझा डोळा लावला. आधी मला माझीच पापणी दिसली. मग दिसलं. हिरव्या कड्या, हिरव्या माळा, आणि मध्येच एक आरपार दिसणारा किडा, त्याच्या पोटात त्यानं खाल्लेलं हिरवं.

मी म्हटलं, "अगं, ही घाण कुठली? हे तर रान हाय."

"मग मी काय सांगतेय, आज्जे!"

गेल्या वर्षी तिची निवड झाली. पृथ्वीच्या पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात जहाजानं जायचं, आणि कोणतं प्लवक कुठं राहतं, कुठं दाट, कुठं विरळ, हे बघायचं. माझी धाकटी जाऊ शेजारच्या वस्तीवर असते, ती ऐकून म्हणाली, "अक्का, पोरगी येवढी शिकली आन् बर्फात शेवाळ मोजाया चालली व्हय? शेवाळ तर माझ्या हौदातबी हाय. ये म्हनावं, मोज."

नात तिला म्हणाली, "इथलंबी मोजायचं हाय, आज्जी. त्याला मानूस ठेवून चाललेय." आणि बोट माझ्याकडं केलं.

तिनं मला एक पांढरी ताटली दिली. आपली जेवायचीच, पण खाली जुन्या तराजूचं वजन बांधलेलं आणि वर दोरी. दोरीला दर वितीवर एक गाठ. सकाळी दहाला, ऊन पाठीशी घेऊन ताटली पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की किती गाठी बुडाल्या ते वहीत लिहायचं. प्लवक दाट असेल तेवढी ताटली लवकर झाकते.

"जहाजावर आम्हीबी हीच ताटली सोडतो, आज्जे. फक्त दोरी लांब."

परत आल्यावर तिला सगळ्या शिकलेल्या मोठ्या लोकांपुढं पहिल्यांदाच उभं राहून बोलायचं होतं. बर्फाच्या समुद्राशेजारी ती आमचं तळं मांडून दाखवणार होती. निघताना पाया पडली आणि म्हणाली, "वही चोख ठेव. तुझी वही चुकली तर माझं हसं होईल."

मी म्हटलं, "जा गं. तुझ्या बापाची शाळेची हजेरी मी चुकू दिली न्हाई."

आणि खरंच, मी एक दिवस चुकवला नाही. तळ्याचं पाणी दोन गाठींवर होतं, कधी दोन, कधी सव्वादोन. वहीत तारीख, गाठी, आणि आभाळ असेल तर 'आभाळ'. दर दोन दिवसांनी सून पानाचा फोटो काढून पाठवायची. शनिवारी जहाजावरून नातीचा फोन यायचा. कधी नुसता आवाज, कधी तुकड्या-तुकड्यानं तोंड दिसायचं, टोपीत लपेटलेलं.

मला वाटलं होतं, तिथं काय सापडणार पोरीला? आमच्याकडं जरा कडाका पडला की टोमॅटो करपतो. तिथं तर सगळा बर्फच. ती हसायला लागली.

"उलटं हाय, आज्जे. गरम समुद्र निळाशार दिसतो ना, तो नुसता माळ असतो. वरच्या पाण्यातलं खत संपलेलं, खालचं वर येत न्हाई. इथं थंडीत खालचं पाणी ढवळून वर येतं, खत घेऊन. आणि आता उन्हाळा हाय, सूर्य मावळतच न्हाई. मग बघ कसं पीक येतं."

पण तेही सगळीकडं नाही. बर्फ वितळतो त्या काठाला दाट, बेटांच्या आसपास दाट, आणि मधल्या उघड्या पाण्यात खत असूनसुद्धा विरळ. का, तर तिथं लोह नाही.

मी म्हटलं, "म्हंजे केवडा पडला म्हन की."

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, उसाला नाहीतर भुईमुगाला लोह कमी पडलं की पानं पिवळी होतात, त्याला आमच्याकडं केवडा म्हणतात. मग हिराकस फवारायचं, त्यात लोह असतं. नात म्हणाली, "थांब, लिहून घेते."

दुसऱ्या एका शनिवारी तिनं सांगितलं की समुद्रात एक जागा अशी येते, जिथं पाणी एकदम जास्त थंड होतं. वर काही रेघ नाही, पाटी नाही, पण तिच्या अलीकडं एका जातीचे जीव आणि पलीकडं दुसऱ्याच. पलीकडं काचेच्या डबीत राहणारे फार. एवढासा जीव आणि स्वतःभोवती काचेची डबी करतो, झाकणासकट! मी म्हटलं, असं आपल्या जिल्ह्यातही आहे. नेवाशाकडून निघालं की ऊस, ऊस आणि ऊस. नगर ओलांडून आमच्याकडं यायला लागलं की ज्वारी, तूर, लिंबाच्या बागा. कुणी रेघ मारलेली नाही, पाणी ठरवतं.

"समुद्रालाबी बागायत-जिरायत हाय तर."

"हाय ना. आणि बर्फाचा काठ म्हणजे तिथला पाट."

अशा आमच्या गप्पा. मी शनिवारची वाट बघायला लागले. गुडघे दुखायचे तरी दहाला तळ्यावर.

मग संक्रांत आली. सुनेचं हळदी-कुंकू होतं आणि यंदा बायका वस्तीवर येणार होत्या. सुनेनं अंगण सारवलं, वाणाला सुपल्या आणल्या. दोन दिवस आधी जाऊ येऊन गेली. तळ्याकडं बघून तिनं पदर नाकाला लावला.

"अक्का, चार गावच्या बाया येनार. ह्या असल्या पान्याशेजारी तिळगूळ खायाचा? लोक म्हनतील, हिला म्हातारपनी दिसंना झालं."

ते शेवटचं बोलणं मला लागलं. पाणी निवळण्यात माझा हात धरणारी बाई नव्हती गावात, आणि माझ्याच तळ्यावर नाक दाबायचं? दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. मी दुकानदाराकडं पंधरा किलो तुरटी मागितली. तो म्हणाला, "आजी, धरण निवळताय का काय?"

मी म्हटलं, "तू तोल गप."

सून-मुलगा डाळिंबाच्या छाटणीत होते. मी दोन टिपाडांत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिंपांत, तुरटी विरघळवली आणि बादली-बादली करून चारी बाजूंनी सोडली. हंड्याच्या हिशेबानं तळ्याला किती, ते मी डोक्यात लावलं होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण हात इतका सुखावला! किती वर्षांनी जुनं काम जुन्या हातानं केलं.

संक्रांतीच्या दिवशी पाणी असं निवळ, की तळाच्या काळ्या कागदाच्या सुरकुत्या मोजाव्यात. बायका कुंकू लावून घेऊन तळ्यावर गेल्या. "काय पानी हाय ओ! आरसाच." जाऊसुद्धा म्हणाली, "अक्का, हात न्हाई गेला तुमचा." मी फुगले.

त्याआधी, सकाळी दहाला, मी ताटली सोडली होती. दोन गाठी, दिसतेय. चार, दिसतेय. आठवी गाठ बुडाली तेव्हा ती तळाला टेकली, आणि तरी दिसतच होती, वर बघत. मी वहीत लिहिलं, आठ. खोटं लिहिलं नाही मी. पण का आठ, ते लिहिलं नाही.

शनिवारी नातीचा आवाज फाटलेला, आनंदानं. "आज्जे, दोनावरून आठ! एवढं प्लवक खाल्लं कुणी? खाणारे किडे वाढले असणार तळ्यात. इथं डिट्टो हेच बघितलं मी. बोटाएवढ्या झिंग्यांचा थवा येतो, क्रिल म्हणतात त्यांना, आणि हिरवं पाणी चरून साफ करून जातो. मी तुझं तळं पहिल्या पानावर घेतेय. सरांनासुद्धा सांगितलं."

माझ्या तोंडात तिळगूळ होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, "तिकडं जेवायला काय देतात गं?"

त्यानंतरचे दिवस काही बरे गेले नाहीत. सकाळी मासे कोपऱ्यात येऊन वर तोंडं करायला लागले. बुडालेलं हिरवं तळाशी कुजत होतं आणि पाण्यात खायला काही नव्हतं. मुलाला वाटलं रोग आला. त्यानं मोटार चालू करून पाणी उंचावरून पाडायला सुरुवात केली, पाण्यात हवा जावी म्हणून. चार मासे उलटे झालेले मी स्वतः काढले. हात कोपरापर्यंत घातला, तर तळवा दिसत होता. तळव्यावरच्या रेषासुद्धा.

सून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "आत्याबाई, टिपाडं धुऊन पालथी का घातली हुती तुमी?"

"अशीच."

"अशीच? दिवाळीपासून मी म्हनतेय धुवा, तवा न्हाई धुतली ती?" आणि तिनं कमरेच्या पिशवीतून एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "टिपाडाखाली घावला. काय हाय? खडीसाखर?"

मी खडा पदराच्या टोकाला बांधला.

"पोरगी लोकांपुढं उभी राहनार हाय, आत्याबाई. कुनी विचारलं, कुठं हायत ते खानारे किडे, दाखव, तर काय दाखविल ती?"

"मी सांगते तिला."

"कवा?"

"शनिवारी."

पण शनिवारपर्यंत मी थांबलेच नाही. आवाज ऐकला की माझं धैर्य जाणार, हे मला कळत होतं. मी वही काढली, संक्रांतीचं पान उघडलं आणि आठाच्या आकड्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुरटी. पंधरा किलो. मीच टाकली. बायका येणार होत्या म्हणून. तुला सांगितलं नाही, ते चुकलं.' सुनेनं फोटो काढला. पाठवायच्या आधी तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शनिवारी फोनही नाही. मुलगा म्हणाला बर्फात नेटवर्क नसेल. मला वाटलं, नेटवर्क असेल, मन नसेल. ताटली मात्र रोज सोडत होते. आठ. आठ. आठ. माणूस देवळात जातं तसं मी तळ्यावर जात होते, उत्तर मिळो न मिळो.

मग एके दुपारी तिचा मेसेज आला, आवाजातला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आज्जे, मी रागावले हुते. लई. त्या आठाच्या आकड्यावर मी पाच पानं लिहिली हुती, ती फाडली. सरांना जाऊन सांगितलं, माझ्या आजीनं तुरटी टाकली. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय." परत वारा. "आता ऐक. तू मला कधी मिळालं नसतं असं काहीतरी केलंयस. तळं एकदम रिकामं केलंस, आणि कोणत्या दिवशी केलंस ते लिहून ठेवलंस. इथं बर्फ हटतो आणि रिकाम्या पाण्यात प्लवक पहिल्यापासून वसतं, ते आम्ही जहाजातून पळता पळता बघतो. तू बसून बघ. रोज. आता काही लपवू नकोस. शेण किती टाकलं तेसुद्धा लिही."

मी तो मेसेज सुनेला दोनदा लावायला सांगितला. मग पदर खोचून गोठ्यात गेले.

शेजारच्या जुन्या तळ्यातलं हिरवं पाणी सहा बादल्या आणून विरजणासारखं लावलं. शेण कालवून सोडलं, तेही माप करून. जाऊ बघत होती. "अक्का, परवा निवळलं, आज घान करताय. एकदा ठरवा तरी."

मी तिला जवळ बोलावलं, ताटलीची दोरी तिच्या हातात दिली. "सोड. कवा दिसंनाशी हुती ते सांग." ती कुरकुरली, पण सोडली. आठ गाठी बुडाल्या, तरी दिसत होती.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. मग एक दिवस ताटलीच्या कडा धुरकट दिसल्या. मग सात. मग साडेपाच, त्या दिवशी ऊन कडक होतं. चारवर दोन दिवस अडलं, मी शेण वाढवायला निघाले होते, सुनेनं हात धरला, "लिव्हल्याबिगर काय बी टाकायचं न्हाई." तीन. मासे कोपरा सोडून मधे फिरायला लागले. ज्या सकाळी ताटली दुसऱ्या गाठीला झाकली, त्या सकाळी दोरी जावेच्या हातात होती. ती ओरडली, "गेली, अक्का! दिसंना झाली!" आणि इतकी हसली, जशी तिचीच गाय व्याली.

वहीत मी 'दोन' लिहिलं आणि शेजारी लिहिलं, 'जावेनं बघितलं. मीही बघितलं.'

नात आता जहाजातून उतरलीय. मोठ्या लोकांपुढं बोलायचा दिवस जवळ आलाय. तिनं माझ्या वहीची पानं जशीच्या तशी मागवून घेतली, तुरटीचं पानसुद्धा. मी म्हटलं, "अगं, ते तरी काढ, हसतील." ती म्हणाली, "ते काढलं तर बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवील?" बोलून झालं की ती पहिली इकडं येणार आहे, काचेवर थेंब घेऊन बघायला, की नव्यानं वसलेले जीव जुनेच आहेत का वेगळ्या जातीचे. ते मलाही बघायचंय.

तुम्हीही या. होळी झाली की डाळिंबाला पाणी जास्त लागतं, तळं उतरायला लागतं, म्हणून त्याच्या आत या. रस्त्यावरून पाणी हिरवं दिसलं की गाडी थांबवा, हाक मारा. सकाळी दहाच्या सुमाराला आलात तर दोरी तुमच्या हातात देईन. जेवल्याशिवाय सोडणार नाही. पण उशीर करू नका, लवकर या.